पाठ नसलेली बाई

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे साडेसात वाजलेले आहेत. सार्वजनिक बाग. उजवीकडे पंपाची खोली, डावीकडे घसरगुंडी, मध्ये गोल हिरवळ, आणि हिरवळीच्या मधोमध स्टुलावर बसलेली एक बाई. बाई लाकूड, तारेची जाळी आणि सिमेंटात भिजवलेलं गोणपाट यांची केलेली आहे. तिच्यासमोर तिघं उभे आहेत. चष्मा कपाळावर चढवलेले चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी वस्ती नुसतं 'सर' म्हणते. काखेत करवत धरलेले सत्तरीचे एक काटक गृहस्थ. आणि दोन पावलं मागे, ऊन कुठून येतंय ते जुन्या सवयीनं बघणारा मी.

सर बाईच्या भोवती फिरायला लागतात. एक पाऊल, दोन पावलं. मागे पोचतात आणि थबकतात.

"अहो मेस्त्री," ते म्हणतात, "हिला पाठच नाही!"

आणि हसतात. वाईट मनानं नाही, पण हसतात.

त्यानंतरच्या पाच दिवसांत शांतपणे बोललेलं वाक्य मला फार थोडं आठवतं.

आमचे मेस्त्री म्हणजे नाटकमंडळीचे सुतार. एकेचाळीस वर्षं त्यांनी महाल, तुरुंग, जंगलं आणि न्यायालयं उभी केली आणि रात्री खेळ संपला की पाडून ट्रकमध्ये भरली. आमच्याकडे भिंत म्हणजे लाकडाची चौकट आणि तिच्यावर ताणलेलं कापड. पुढून संगमरवर, मागून नुसते टेकू, खिळे आणि खडूनं लिहिलेले आकडे. प्रेक्षक मागे येत नाही, मग मागच्या बाजूला रंगाचा एक थेंबही लावायचा नाही. तो लावणारा माणूस मेस्त्रींच्या लेखी उधळ्या.

मागच्या बाजूला ते लिहायचे मात्र. आम्हा नटांसाठी सूचना. माझी खूप वर्षं टिकलेली सूचना होती, "राजेसाहेब, ढकला. ओढू नका." कारण एकदा महालाचं दार मी बाहेर ढकलायच्या ऐवजी आत ओढलं होतं. अख्खी भिंत माझ्या पाठीवर आली. तिला पाठीनं तोलून धरत मी सात मिनिटांचा मृत्यू उभ्यानं केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विंगेत आलो तर मेस्त्री हातोडी घेऊन उभे. "मेलात ते ठीक," म्हणाले, "भिंत का मारलीत?" तेव्हापासून मी त्यांचा राजेसाहेब. खरं तर मी राजा कमी आणि तिसऱ्या अंकात मरणारा जास्त होतो.

त्यांचा राग नाकावर नसायचा, हातात असायचा. मन शांत असलं की खिळ्याला तीन फटके. रागावलेले असले की एकच. ज्या नाटकाच्या वेळी मालकाशी त्यांचं वाजलं, त्या नाटकाचा जिना आजही कुणाच्यानं मोडला नसता.

त्यांची बायको आमच्या कपडेपटात होती. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. रंगमंचाच्या मागच्या पडद्यात आणि भिंतीत एक अरुंद बोळ असतो, त्या बोळात तिचं स्टूल, शेजारी दिवा, मांडीवर कुणाचा तरी अंगरखा. माझ्या किती बटणांना तिनं जीवदान दिलं असेल, देव जाणे. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मेस्त्रींनी तेव्हापासून काही बनवलं नव्हतं. त्यांची मुलगी, ती दवाखान्यात नर्स आहे, मला म्हणायची, "काका, बाबांना काही तरी काम द्या हो. परवा त्यांनी चांगली खुर्ची मोडली आणि परत जोडली."

म्हणून मी पाप केलं. बागेत वस्तीतल्या लोकांनी केलेल्या शिल्पांचं प्रदर्शन भरणार, विषय 'आपल्यातलं माणूस', कुणीही भाग घ्यावा, अशी समितीची पाटी बघितली आणि अर्ज त्यांच्या हातात ठेवला.

"मेस्त्री, वहिनींना करा."

"मी काय मूर्तिकार आहे? मी सुतार आहे."

"तो सायकलवाला जुन्या साखळ्यांचा पोस्टमन करतोय. तो कुठे मूर्तिकार आहे?"

"त्याला दुसरं येतं काय?" ते गुरगुरले. पण अर्ज घडी घालून खिशात गेला.

दोन महिने त्यांच्या एका खोलीत बाई आकार घेत होती. पलंग खिडकीला लावला होता, शिल्प समोरच्या भिंतीला टेकून. चहा प्यायला मी रोज जायचो आणि समोरून बघायचो. चेहरा भिंतीवर लावलेल्या फोटोवरून घेतला होता. मान ताठ, नजर समोर, ओठांवर फोटोग्राफरनं सांगितलेलं हसू, हात मांडीवर जुळवून ठेवलेले. काम सफाईदार होतं. मला कुठे तरी खटकत होतं, पण मी वा वा म्हटलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या वा वा वर जगलो, ती देताना मी हात आखडत नाही. आणि भिंतीला टेकलेल्या बाईच्या मागे काय आहे, हे बघायला ना मी वाकलो, ना मुलगी.

मागे टेकू होते. तीन आडवे, दोन तिरके, आणि खडूनं लिहिलेले आकडे.

आता पुन्हा त्या सकाळी चला. सर हसले आणि मेस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"पाठ कशाला पाहिजे?" ते म्हणाले.

"अहो, ही बाग आहे. लोक चहूबाजूंनी फिरणार."

"मग त्यांना सांगा, समोर उभे राहा!"

"मेस्त्री, शिल्प म्हणजे..."

"शिल्प म्हणजे काय ते मला शिकवू नका. तुम्ही बारा वर्षांच्या पोरांना आंबा काढायला शिकवलाय. मी राजवाडे उभे केलेत!"

"एका बाजूनंच," सर म्हणाले.

हे बोलायला नको होतं. मेस्त्रींनी काखेतली करवत जमिनीवर आपटली. ती वाजली, आणि फिरायला आलेले चार लोक जमले. त्यातल्या एकानं मागे जाऊन फोटो काढला. दुपारी बारापर्यंत वस्तीच्या ग्रुपवर तो फोटो सगळ्यांच्या हातात होता आणि खाली लिहिलं होतं, 'आतून पोकळ बाई'. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे त्याखाली रांगेनं. तो लिहिणारा माणूस मी अजून शोधतोय. ज्या बाईनं तीस वर्षं शंभर माणसांची अब्रू टाक्यांवर तोलून धरली, तिच्याबद्दल हे! मी म्हातारा आहे, पण आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. भेटला की त्याला ऐकवीन.

सरांनी संध्याकाळी समितीच्या वतीनं निरोप पाठवला. शिल्प नाकारलेलं नाही. पंपाच्या खोलीच्या भिंतीला लावून ठेवू, म्हणजे कुणी मागे जाणार नाही. बागेच्या माळ्यांनी ते उचलून तिथे नेऊनसुद्धा ठेवलं होतं.

आम्ही मेस्त्रींच्या खोलीवर होतो. मेस्त्री पलंगावर पाय खाली सोडून बसलेले. समोरची भिंत रिकामी झाली होती.

"पंपाची खोली!" ते म्हणाले. "बाजूला मुतारी आहे!"

"मेस्त्री, शांत व्हा."

"तुम्ही गप्प बसा. तुमच्यामुळेच झालं हे. अर्ज घेऊन कोण आलं? वा वा कोण म्हणत होतं? एकदा वाकून मागे बघायला काय झालं होतं, कंबरेत राजदंड अडकला होता?"

तेवढ्यात मुलगी ड्यूटीवरून आली. पिशवी ठेवली, चपला काढल्या, आणि फोन पुढे करून म्हणाली, "बघितलं मी. बाबा, सर बरोबर बोलतायत."

मेस्त्रींनी फोन हातानं बाजूला सारला.

"काय म्हणालीस?"

"पाठ नाहीये. कशी असेल? तुम्ही सवयीनं समोरचं केलंत आणि हात झटकलेत. आणि खरं सांगू? समोरचीही आई नाहीये."

"फोटो समोर ठेवून केलाय मी! मिलीमीटर चुकला असेल तर..."

"फोटोच केलाय तुम्ही. आई नाही. हात मांडीवर ठेवून, समोर बघत, हसत आई कधी बसली होती? एक दिवस सांगा. तुम्ही तिचं तोंड बघत होतात का कधी?"

मी मनात म्हटलं, आता पलंग मोडणार. मेस्त्री उठले. दाराकडे गेले, परत आले. हातांच्या मुठी वळलेल्या.

"नव्हतो बघत!" ते ओरडले. "कधी बघणार? अंक बदलायला चाळीस सेकंद. खांद्यावर फळी, अंधार, बोळ एवढासा. ती स्टुलावर, पाठ माझ्याकडे. मी म्हणायचो, सरक. ती मागे न बघता सरकायची. मी जायचो. रोज. तीस वर्षं. संसारात मी तिच्याशी जेवढं बोललो, त्यातलं निम्मं 'सरक'!"

मुलीनं तोंड फिरवलं.

"पाठच बघितली मी तिची," मेस्त्री म्हणाले, आता जरा हळू, आणि त्यामुळे जास्त भयंकर. "उजवा खांदा पडलेला. डाव्या बाजूला कलून बसायची, दिवा तिकडे म्हणून. मानेशी कायम चार-सहा टाचण्या खोवलेल्या. एप्रनची गाठ कंबरेवर नाही, वर, इथे. मला सगळं पाठ आहे. आणि नेमकं तेच मी सोडलं. गाढव आहे मी. गाढव!"

नटांना वाटतं की रागाला समोर दुसरा माणूस लागतो. त्या खोलीत मला कळलं की लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पंपाच्या खोलीपाशी पोचलो तेव्हा ते कामाला लागले होते. भिंत आणि शिल्प यांच्यात दीड हाताची फट, मेस्त्री त्यात आडवे घुसलेले. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. करवत उचलली आणि वहिनींच्या मानेला लावली.

"अहो, अहो, काय करताय!"

"मान ताठ आहे. ताठ मानेनं बटण लागत नाही."

सिमेंट कुरकुरलं, जाळीच्या तारा पटापट तुटल्या. मी नाटकात दोनदा शिरच्छेद करून घेतलाय, पण त्या आवाजानं मी दोन पावलं मागे हटलो. डोकं त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, पुढे झुकवलं, डावीकडे जरासं वळवलं, आणि तसंच धरून मला म्हणाले, "नुसते उभे काय? तार पिळा."

चार दिवस ते त्या फटीत होते. पाठीमागच्या भिंतीवर त्यांचा सदरा घासून घासून फाटला. मी तार पिळली, गोणपाट भिजवलं, शिव्या खाल्ल्या. एकच गोष्ट ते पुनःपुन्हा मोडत होते, उजवा खांदा. "जास्त पडला." मोडला. "आता बसलीच आहे नुसती." मोडला. तिसऱ्या दिवशी मुलगी सुट्टी काढून आली. तिनं फटीत हात घालून खांद्यावरून बोटं फिरवली. शेवटच्या आजारपणात आईची पाठ तीच पुसायची. म्हणाली, "इथे हाड वर यायचं." मेस्त्रींनी तिथे अंगठ्यानं सिमेंट दाबलं आणि मग पुन्हा मोडलं नाही.

हातांत त्यांनी एक अंगरखा दिला, अर्धा मांडीवर, अर्धा खाली लोंबलेला. चेहरा आता खाली झुकलेला, समोरून अर्धाच दिसायचा. आणि मागे, अंधाऱ्या फटीत, कुणालाही न दिसणारी अशी, वहिनींची पाठ तयार झाली.

चौथ्या दिवशी दुपारी सर आले. फटीत डोकावले, पण भिंतीच्या सावलीत काय दिसणार?

"मेस्त्री, एवढी मेहनत कशाला? भिंतीला लावलंय ते पाठ दिसू नये म्हणूनच."

"मग आता काढा भिंतीपासून. मधल्या हिरवळीवर ठेवा परत."

"आता कसं ठेवणार? नकाशा छापला. अकरा नंबर, पंपाची खोली. मध्ये दुसरं आलंय."

मध्ये काय आलं होतं? फोटो काढायची चौकट. माणसाच्या उंचीची, गुलाबी थर्माकोलची, कोपऱ्यात बदामाचं चित्र. लोकांनी तिच्यात उभं राहून फोटो काढायचे.

मेस्त्रींनी तिकडे बघितलं. मग सरांकडे. "तिला पाठ आहे का?"

"कुणाला?"

"त्या चौकटीला! तिला पुढे काही नाही, मागे काही नाही, मध्येसुद्धा काही नाही. ती चालते! माझी बायको मुतारीशेजारी आणि भोक मधोमध!"

"भाषा सांभाळा. उद्या पाहुणे येणार आहेत. समितीचा निर्णय झालाय."

"समिती म्हणजे कोण? तुम्हीच ना?"

"मी आणि आणखी दोघं," सर म्हणाले, आणि निघून गेले. मी त्यांच्या मागे धावलो, हात जोडले, माझ्या आवाजातला उत्तमातला उत्तम करुण रस वापरला. "राजेसाहेब," ते म्हणाले, तेही आता मला हेच म्हणायला लागले होते, "नियम एकदा मोडला की उद्या सायकलवालासुद्धा जागा मागेल." वर पडवीत बसून नियम करणाऱ्या माणसांचा मला लहानपणापासून तिटकारा आहे. तो त्या दिवशी दुप्पट झाला.

उद्घाटन सकाळी दहाला. कापडी छपराखाली शंभरेक खुर्च्या, सगळ्यांची तोंडं माईककडे. पाहुण्यांनी कलेचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. आम्ही तिघं पंपाच्या खोलीपाशी. मुलगी थेट रात्रपाळीवरून, गणवेशातच आलेली.

"राजेसाहेब," मेस्त्री हळूच म्हणाले, "अंधार काही मिळणार नाही. पण सगळ्यांची पाठ आपल्याकडे आहे. तेवढं पुरे."

त्यांनी शिल्पाच्या पाटाखालच्या चार पाचरा लाथेनं उडवल्या. तेव्हा मला कळलं की पाटाला चाकं होती. अर्थातच होती. हा माणूस चाकांशिवाय काही बनवतच नाही.

"मी पुढून ओढतो, तुम्ही दोघं मागून. राजेसाहेब, ढकला. ओढू नका."

आम्ही ढकललं. मिळून एकशे चाळीस वर्षांची दोन माणसं आणि एक झोप न झालेली नर्स. फरसबंदीवर चाकं अशी कुंईकुंई ओरडली की पाहुण्यांचं 'सौंदर्यदृष्टी' अर्ध्यात राहिलं. आम्ही खुर्च्यांना वळसा घालून थेट हिरवळीपर्यंत पोचलो. काठावर पुढचं चाक रुतलं. पाट गर्रकन फिरला आणि थांबला.

शंभर माणसं वळून बघत होती. आणि त्यांच्याकडे वहिनींची पाठ होती.

सकाळचं ऊन बाजूनं येत होतं. मीही पहिल्यांदाच ती उजेडात बघत होतो. पडलेला खांदा. वर आलेलं हाड. मानेशी सहा टाचण्या, खऱ्याखुऱ्या, सिमेंटात बसवलेल्या. कुणावर तरी रागावल्यासारखी घट्ट मारलेली एप्रनची गाठ. बाईला आपल्याकडे बघायला वेळ नव्हता. माझ्या मनात, शपथेवर सांगतो, पहिला विचार आला की मी अजून बोळातच उभा आहे आणि माझी एन्ट्री चुकली.

सर खुर्च्यांतून वाट काढत आले. तोंड लालबुंद. "हे काय चाललंय? कार्यक्रम चालू आहे! कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही!" मेस्त्री म्हणाले. छाती धपापत होती. "तुमची ती चौकट उचला. नाही तर मी उचलतो, आणि ती कुठे जाईल ते सांगत नाही."

"माळी! माळीदादा, इकडे या! हे परत..."

आणि सरांचं बोलणं तुटलं. बोलता बोलता ते शिल्पाच्या मागे आले होते. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला. पाठ बघितली. चालत समोर गेले, वाकून तो झुकलेला चेहरा बघितला. पुन्हा मागे आले. पूर्ण एक फेरी, मग दुसरी. माणूस आखडू होता, पण चाळीस वर्षं त्यानं पोरांना बघायला शिकवलं होतं, हे मला मान्य करावं लागेल. खिशातून त्यांनी छापील नकाशा काढला, पेन काढलं, पंपाच्या खोलीवरचा अकरा खोडला आणि मधल्या गोलात लिहिला.

"ती चौकट न्या पलीकडे," ते माळ्यांना म्हणाले. "गेटपाशी कुठेही."

मला वाटलं, आता मेस्त्री विरघळणार. मी तर रुमाल काढला होता. मुलीनं बापाचा दंड धरला होता. सरांनी मेस्त्रींकडे बघितलं, हात पुढे केला आणि वहिनींच्या त्या पडलेल्या खांद्यावर ठेवला, धीर द्यावा तसा.

मेस्त्रींच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या.

"हात काढा, सर!" ते शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असे कडाडले. "दिसत नाही? कामात आहे ती!"